मजकुरात नसलेली जोडणी

जीप ओढ्याच्या वळणावर आली तेव्हा मुलाणी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सर, एक सांगू? ओरडणार नाही ना?"

असं आधी विचारून सांगितलेली एकही आनंदाची गोष्ट मी आयुष्यात ऐकलेली नाही.

"सांग."

"सुमनताईंचं ते पहिलं बोलणं. ते गेलं नाहीये."

"कुठं गेलं नाहीये?"

"कुठंच गेलं नाहीये, सर. सीडीत आहे."

मी समोर पाहिलं. पुढच्या सीटवर सुमनताई गवंडे पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी आबासाहेब इंगवल्यांचा ड्रायव्हर होता. जीप आबासाहेबांची, रस्ताही त्यांच्याच कारकिर्दीतला, त्यामुळे खड्डेही त्यांचेच. सांगायचा मुद्दा असा, की त्या जीपमध्ये मोठ्यानं बोलण्यासारखी जागा नव्हती.

"तू पुसलं होतंस ना?" मी पुटपुटलो.

"मजकुरातलं चित्र पुसलं होतं. वस्तू राहिली पोटात."

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आबासाहेब म्हणजे आमच्या तालुक्यातल्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, शिवाय पतसंस्था, बाजार समिती आणि जिथं जिथं खुर्ची असेल तिथले सगळे. त्यांची एकसष्टी आली होती. गौरवग्रंथ तर काढायचाच होता, पण कागदावरचा ग्रंथ कोणाचाही निघतो, आबासाहेबांचा सीडीवर निघणार होता. जिल्ह्यातला पहिला. वाचता वाचता फोटोवर क्लिक केलं की फोटो मोठा व्हायचा, कर्ण्याच्या चित्रावर क्लिक केलं की ज्यानं लेख लिहिला त्याच्याच आवाजात चार वाक्यं ऐकू यायची. आज लहान पोरंसुद्धा हसतील, पण तेव्हा गावात कॉम्प्युटर बघायला माणसं चप्पल काढून आत जायची.

या ग्रंथाचा संपादक मी. त्याआधी बरीच वर्षं मी 'कुसळ' नावाचं साप्ताहिक काढत असे आणि त्यात दर आठवड्याला आबासाहेबांची थट्टा करत असे. साप्ताहिक बंद पडल्यावर आबासाहेबांनीच बोलावणं पाठवलं. म्हणाले, "संपादक, वाईट लिहून बघितलंत, आता चांगलं लिहून बघा. आमचं काही जाणार नाही, तुमचा हात बसेल." मी गेलो. माणसाला दोन वेळा जेवायचं असलं की त्याची विनोदबुद्धी बरीच समंजस होते.

मुलाणी म्हणजे रफीक मुलाणी. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि तालुक्यातल्या सगळ्या लग्नपत्रिका त्याच्याच कॉम्प्युटरवर जुळायच्या. मजकूर, फोटो, आवाज हे सगळं एकत्र करण्याचं सॉफ्टवेअर त्यानं पुण्याहून आणलं होतं. आणि सुमनताई आबासाहेबांच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. नोकरी संस्थेची, राहायला खोल्या संस्थेच्या. त्या खोल्यांत त्या, त्यांची विधवा भावजय आणि भावजयीची दोन मुलं. भाऊ बाळू संस्थेच्याच बांधकामावर देखरेखीला होता. मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब कोसळला त्यात तो गेला. चौकशी झाली आणि असं ठरलं की बाळू गवंडे दारूच्या नशेत होता, त्यानंच कच्च्या स्लॅबचे टेकू काढले. गावानं ते ऐकून घेतलं. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही.

तर मागच्या आठवड्यात सुमनताई स्टुडिओत आवाज द्यायला आल्या होत्या. मी बाहेर एका निवृत्त मुख्याध्यापकांना समजावत होतो, की आठवणी मोजक्या हव्यात, जन्मापासून नकोत. आत आलो तर मुलाणीनं कानावरचे हेडफोन काढून हातात धरले होते आणि ताई म्हणत होत्या, "हे काढून टाका. दुसरं बोलते." मग त्या दुसरं बोलल्या. आबासाहेब वटवृक्ष आहेत, असं बोलल्या. त्या सीडीत तोवर इतके वटवृक्ष झाले होते की माणसाला उभं राहायला जागा नव्हती.

नंतर मी मुलाणीला विचारलं होतं, "आधी काय बोलल्या?"

"भावाबद्दल, सर. मी काही ऐकलं नाही." आणि तो फोटो कापायला लागला. मुलाणी फोटो कापताना कधी इतका मन लावून कापत नसे.

"नीट सांग," जीपच्या आवाजाचा फायदा घेऊन मी म्हणालो.

"हे सॉफ्टवेअर जतन करताना मजकूर एका ठिकाणी ठेवतं आणि चिकटवलेल्या वस्तू, म्हणजे फोटो, आवाज, शेजारच्या कप्प्यात. मजकुरातून चित्र पुसलं, तर मजकुरातली जागा तेवढी जाते. वस्तू कप्प्यातच. चुकून पुसलं असलं तर परत मिळावी म्हणून."

"कोणाला परत मिळावी म्हणून?"

"जो उघडेल त्याला."

"आणि उघडणाऱ्याला कळणार कसं?"

"विचारतं ना ते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडलं की मजकूर आणि कप्पा ताडून बघतं, जास्तीचं काही सापडलं तर विचारतं. सकाळी नलवडे सीडी घेऊन गेले, दुरुस्त्या करता येतील अशी, त्यानंतर मी तिचीच दुसरी प्रत दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली. मला विचारलं."

"मग?"

"मी 'नाही' दाबलं, सर. 'नाही' दाबलं की संपलं. काही वाजत नाही, दिसत नाही."

"मग आपण 'नाही' दाबू."

"आपण म्हणजे?" मुलाणी म्हणाला. "माउस कोणाच्या हातात असणार?"

पुढून सुमनताईंनी मागं वळून विचारलं, "काय झालं, सर? बरं वाटत नाहीये का?"

"थोडं पित्त," मी म्हणालो.

"आबासाहेबांकडं कोकम सरबत मिळतं," ड्रायव्हर म्हणाला. "समद्यांना मिळतं."

बंगल्याच्या पायरीवर मी ताईंना गाठून म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर ओट्यावर थांबता का? आतलं आम्ही बघतो."

"का?"

"का" ला माझ्याकडं उत्तर होतं, पण ड्रायव्हर अजून चप्पल काढत होता. तेवढ्यात नलवडे आले. नलवडे आबासाहेबांचे स्वीय सहायक. आबासाहेबांना शिंक येणार असली तर रुमाल आधी नलवड्यांच्या हातात दिसायचा. "ताई, बाहेर का? साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलंय. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना." आणि त्यांनी आम्हाला कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तसं आत घातलं.

दिवाणखान्यात कॉम्प्युटरवर भरतकाम केलेला रुमाल होता आणि पडद्याच्या कडेला दसऱ्याचं हळदीकुंकू तसंच होतं. आबासाहेब आधीच समोर बसले होते. मी एका दमात म्हणालो, "मी उघडून दाखवतो, आबासाहेब. तुम्ही आरामात बसा."

"का? आम्हाला येत नाही व्हय?"

"तसं नाही..."

"साहेबांनी कोर्स केलाय," नलवडे म्हणाले. "पहिला वर्ग."

खरं होतं. कोर्स संस्थेच्याच वर्गाचा होता आणि परीक्षक परीक्षा घ्यायला बंगल्यावर आले होते.

आबासाहेबांनी माउस मुठीत धरला. त्यांनी खूप गोष्टी मुठीत धरल्या होत्या, पण माउस धरताना मात्र जरा जपून धरला. सीडी घरघरली. मुलाणी माझ्या शेजारी उभा होता आणि त्याच्या ओठांची हालचाल होत होती. मला वाटतं तो काहीतरी म्हणत होता, जे मीही मनात वेगळ्या शब्दांत म्हणत होतो.

पडद्यावर चौकोन आला.

"नलवडे, वाचा. चष्मा नाही माझा."

नलवड्यांनी संस्थेचा ठराव वाचावा तसं वाचलं, "'मजकुरात नसलेली एक जोडणी सापडली. पुनर्स्थापित करायची? होय. नाही.'"

"म्हणजे?"

"म्हणजे साहेब, काहीतरी राहून गेलंय. ते परत बसवायचं का विचारतंय."

"'नाही' दाबा, साहेब," मुलाणी म्हणाला. त्याचा आवाज त्याचा नव्हता. "कचरा असतो तो. कॉम्प्युटरचा."

"कचरा?" आबासाहेबांनी मान वळवली. "संपादक, कचरा आहे का?"

  मी म्हणालो, "कचराच, आबासाहेब. तांत्रिक."

"पण जोडणी म्हणतंय की हो. म्हणजे कोणीतरी दिलेलं, आणि तुम्ही गाळलेलं." ते हसले. "संपादकांची जुनी सवय. आमच्या माणसाला गाळायची. अहो, कोण बिचारा एवढ्या प्रेमानं बोलला असेल, तुम्हाला जागा नसंल तर नसंल, आम्हाला आहे. एकाही माणसाचं मन दुखवायचं नाही. काय नलवडे?"

"एकाचंही नाही, साहेब."

मी सुमनताईंकडं बघितलं नाही, तरी मला दिसल्या. त्यांनी मुलाणीकडं बघितलं होतं, मुलाणीनं जमिनीकडं. पर्सची साखळी त्यांनी बोटाला गुंडाळली आणि बोट पांढरं पडलं.

आबासाहेबांनी 'होय' दाबलं.

सगळ्या वटवृक्षांच्या खाली, अगदी शेवटी, कर्ण्याचं एक छोटं चित्र उगवलं. त्याच्याखाली मुलाणीनं त्या दिवशी घाईत घातलेलं नाव होतं, 'सुमन एक'.

"अरे, सुमनचं आहे!" आबासाहेब खूष झाले. "बघा, आपल्याच लायब्ररीतली, आणि हिलाच गाळली." आणि त्यांनी दोनदा क्लिक केलं. परीक्षकांनी शिकवलं होतं तसं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताईंचा.

"माझं नाव सुमन गवंडे. आबासाहेबांविषयी बोलायला सांगितलंय. मी काय बोलू? माझा भाऊ बाळू दारू पीत नव्हता. त्याला वासानंसुद्धा मळमळायचं. स्लॅब ओला आहे, अजून टेकू काढायचे नाहीत, हे तो रोज जेवताना सांगायचा. साइटवर फोन नव्हता. फोन लायब्ररीत. त्या दिवशी आबासाहेबांचा फोन आला तो मीच उचलला. म्हणाले, बाळूला सांग, खालचे टेकू आजच्या आज काढ, मंडप आतच घालायचाय, मंत्री यायच्या आत जागा मोकळी पाहिजे. मी जाऊन सांगितलं. बाळू म्हणाला, एवढ्यात नको गं ताई. मी म्हटलं, अरे, साहेबांनी सांगितलंय. मग तो म्हणाला, बाकीच्यांना नको, मीच जातो आत. आणि गेला. ... निरोप मी दिला. नशा त्याला नव्हती. ... हे काढून टाका, मुलाणी. दुसरं बोलते."

टक् असा आवाज झाला आणि संपलं.

खोलीत कोणी हललं नाही. टेबलावर कोकम सरबताचे ग्लास होते. माझ्या ग्लासात एक मुंगी पोहत होती आणि मला तिचा हेवा वाटला, कारण ती निदान हालचाल करत होती.

"नलवडे," आबासाहेब म्हणाले, "दार लावा."

नलवड्यांनी दार लावलं. कडी घातल्याचा आवाज झाला. मी थट्टेच्या धंद्यात एवढी वर्षं काढली, पण त्या आवाजावर मला आजवर विनोद सुचलेला नाही.

"बस, सुमन."

"उभी बरी आहे."

"बस म्हटलं."

त्या बसल्या. आबासाहेबांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. घरच्या मुलीशी बोलावं तसे ते बोलत होते. "सरबत घे. घे. ... फोन केला होता मी. खरं आहे. खोटं कशाला बोलू? मंत्र्यांची तारीख मिळाली होती. तारीख काय रोज मिळते का? मला काय ठाऊक सिमेंटला किती दिवस लागतात, मी काय गवंडी आहे?" ते स्वतःशीच जरासे हसले. "पुढं चौकशी झाली. मुकादमानं जबानी दिली, डॉक्टरनं दिली. बाळू गेला होता, त्याला काही फरक पडणार नव्हता. आम्हाला वसतिगृह पुरं करायचं होतं. आज तिथं दोनशे पोरी राहतात. तू तुझ्या खोल्यांत राहतेस. तुझ्या भाच्यांची फी कोणी मागितली कधी?"

"नाही."

"नाही. मग हे काय?"

ताईंनी पडद्यावरच्या कर्ण्याकडं बघितलं.

"काढूया, आबासाहेब," मी म्हणालो. "ताईंनीच काढा म्हटलंय. ऐकलंत ना शेवटी? मुलाणी, काढ."

"थांबा, संपादक. तुमच्या 'कुसळ'मध्ये बरंच बोलायचात, आज जरा गप बसा." त्यांनी माउस पुढं सरकवला. ताईंच्या हातापाशी. "हिचं आहे ते. हिनंच सांगायचं. काढायचं, का ठेवायचं? माझ्यासमोर सांग, म्हणजे मी काढायला लावलं असं उद्या व्हायला नको. तुझ्या तोंडानं."

तो माणूस किती हुशार होता हे मला तेव्हा कळलं. ताईंनी 'काढा' म्हटलं, की बाळू गवंडे पुन्हा एकदा दारुड्या ठरणार होता, आणि या वेळी बहिणीच्या तोंडून. नाही म्हटलं, तर खोल्या, नोकरी, दोन मुलं. आबासाहेबांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि वाट बघत बसले. त्यांना घाई नव्हती. मी मनात नुसतं 'काढा, काढा' म्हणत होतो. शौर्याची इच्छा मला कधीच झालेली नाही, त्या क्षणी तर दुसऱ्या कोणालाही होऊ नये असं वाटत होतं.

ताईंनी सरबताचा ग्लास उचलला. एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ठेवा. साहेबांनी परत बसवलंय, तर राहू दे."

मुलाणीनं डोळे मिटले. नलवडे आबासाहेबांच्या चेहऱ्याकडं बघत होते, कोणता चेहरा करायचा हे कळावं म्हणून. पण आबासाहेबांच्या चेहऱ्यावर काही येईचना.  आणि मग ते हसायला लागले, अगदी मनापासून, खांदे हलवत.

"ठेवतो. ठेवतो की! काय संपादक? अहो, तुम्ही एवढे घाबरलात कशाला? मला एक सांगा, एकसष्टीचा ग्रंथ आजपर्यंत कोणी उघडून वाचलाय? तुम्ही वाचलाय? हजारभर सीड्या निघतील, मखमली डबीत घालून लोक शोकेसमध्ये ठेवतील, डोळ्यांसमोर असली की आमची आठवण येईल, बस. कोण ऐकतंय?"

संपूर्ण ग्रंथातलं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं आणि ते संपादकाचं नव्हतं.

"आणि सुमन, तुला कोणी हात लावणार नाही. बघच तू. नोकरी आहे तशी राहील, खोल्या आहेत तशा राहतील. दरवर्षी पगार वाढेल. कोणी एक शब्द विचारणार नाही तुला. कोणीच नाही." मग त्यांनी माउस आपल्याकडं ओढून घेतला आणि स्वतः 'जतन करा' दाबलं. पडद्यावर आलं, 'जतन झाले'. त्यांनी ते चष्म्याशिवाय वाचलं.

परतीच्या जीपमध्ये जतन झालेली सीडी मुलाणीच्या मांडीवर होती. स्टुडिओपाशी उतरल्यावर मुलाणी म्हणाला, "ताई, सीड्या माझ्याकडंच निघणार आहेत. मी काढून टाकतो. कप्प्यातूनसुद्धा. साहेबांना कळणार नाही."

"साहेबांनी स्वतः जतन केलंय, मुलाणी," ताई म्हणाल्या. "त्यांचं काम तुम्ही पुसणार?" आणि त्या बसस्टँडकडं चालत गेल्या.

एकसष्टी झाली. हत्तीवरून साखर वाटायची ठरली होती, पण हत्ती मिळाला नाही म्हणून ट्रॅक्टरवरून वाटली. मखमली डबीतल्या सीड्या प्रत्येकाला मिळाल्या. त्यानंतरचे काही महिने मी जसे काढले तसे शत्रूनंही काढू नयेत. घरावरून जीप गेली की मी जेवणावरून उठायचो. बायको म्हणायची, "अहो, दूधवाला आहे." मला दूधवाल्याचीही भीती वाटायची, तोही आबासाहेबांच्याच संघाला दूध घालायचा. रोज संध्याकाळी मी सायकल काढून कॉलेजवरून एक चक्कर मारायचो, ग्रंथालयाच्या खिडकीत ताई दिसल्या की परत. काही होत नव्हतं. ताईंना कोणी काही केलं नाही. आबासाहेबांनी शब्द पाळला होता, आणि शब्द पाळणाऱ्या त्या माणसाची मला आधीपेक्षा जास्त भीती वाटत होती. कारण खरोखरच कोणी काही विचारत नव्हतं. सीड्या शोकेसमध्ये होत्या.

एका गोष्टीचा मात्र आबासाहेबांनी विचार केला नव्हता, आणि मीही नाही. ग्रंथ कोणी वाचत नाही हे खरंच. पण त्यात आपण बोललोय, तेवढं ऐकायची इच्छा प्रत्येकाला असते. लोकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. गावात सगळ्यांना बसता येईल असा एकच होता, कॉलेजच्या ग्रंथालयात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मी खिडकीवरून न वळता आत गेलो. सगळी बाकं भरलेली. दर सुट्टीत तिथं वर्तमानपत्र वाचणारी म्हातारी मंडळी होतीच, पण कॉम्प्युटरसमोर ओळ होती. ते निवृत्त मुख्याध्यापक हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकत होते आणि स्वतःच्याच वाक्यांना मान डोलवत होते. ऐकून झालं तसं त्यांनी पान खाली सरकवलं, अगदी शेवटपर्यंत.

"सुमनताई, हे खाली काय आहे? तुमचं नाव दिसतंय."

"ऐका की, सर."

त्यांनी ऐकलं. त्यांची मान डोलायची थांबली. मग त्यांनी हेडफोन काढून मेजावर ठेवले, वायरीची घडी घातली, ताईंकडं न बघता चपला घातल्या आणि गेले. ओळीतला पुढचा माणूस बसला. त्यानंही आधी स्वतःचं ऐकलं, मग शेवटचं, मग चपला.

"ताई," मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "कधीपासून चाललंय हे?"

"सुट्टी लागल्यापासून."

"कोणी काही म्हणतं?"

"कोणी काही म्हणत नाही, सर. पण परवापासून भावजयीला पीठगिरणीत नंबर लावावा लागत नाही. तिचं दळण आधी घेतात."

कोपऱ्यातल्या बाकावर मला नलवडे दिसले आणि मी ताईंच्या मेजामागं सरकलो. ते वर्तमानपत्र धरून बसले होते, त्यांच्याही हातात मखमली डबी होती. त्यांनाही स्वतःचं ऐकायचं होतं. त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर ग्रंथालयाचा फोन.

ओळीत शेवटी एक वाकलेला माणूस होता, डोक्याला टॉवेल. त्याच्याकडं डबी नव्हती. त्याचा नंबर आल्यावर तो म्हणाला, "माझं त्यात काही नाही. मला फक्त ते शेवटचं ऐकवा. लोक म्हणतात तसलं." ताईंनी लावून दिलं. त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून ऐकलं. संपल्यावर तो उठला नाही.

"ताई, मला ओळखलं का?"

"लिंबाजी मुकादम ना?"

"व्हय. चौकशीत मीच सांगितलं होतं, पिलेला होता म्हणून. साहेबांनी गाडी पाठवली होती मला न्यायला." त्यानं टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "मी होतो तिथं. आम्हाला त्यानं बाहेर ढकललं, एकेकाला, आणि मग आत गेला. मला पण थोडं बोलायचंय. ह्यात घालता येतं का?"

 ताईंनी हेडफोनला लावलेला माइक त्याच्या तोंडापुढं वळवला आणि की-बोर्ड ओढला.

"येतं," त्या म्हणाल्या. "बोला."

"असंच? समद्यांच्या देखत?"

"तुमची मर्जी."

ग्रंथालयात वर्तमानपत्रं खाली आली होती. एकही पान वाजत नव्हतं. तो घसा साफ करू लागला आणि तेवढ्यात नलवडे उठले. मी त्यांना फोनच्या दिशेनं जाताना बघितलं. हात वर केला तेही बघितलं. मला वाटलं, संपलं. ताईंनाही वाटलं असावं, त्यांचा हात की-बोर्डवर थांबला.

नलवड्यांचा हात फोनवरून पुढं गेला आणि बटणापाशी थांबला. त्यांनी पंखा बंद केला.

"घरघरतो फार," ते म्हणाले. "आवाज नीट यायला पाहिजे."

मे महिन्याची दुपार होती. बाकांवरच्या त्या सगळ्या माणसांना घाम फुटला, माझ्यासकट, आणि एकजणही उठून बाहेर गेला नाही.